घसा तापल्याशिवाय नाव घ्यायचं न्हाई

आमच्या घरमालकांनी गळ्याला मफलर गुंडाळला, की कुणीतरी गेलं असं समजायचं. महिना कुठला ते विचारायचं नाही. कर्जतच्या मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हासुद्धा हे गृहस्थ तपकिरी लोकरी मफलरचे दोन वेढे मारून ओट्यावर बसलेले असायचे. रस्त्याने जाणारा सायकलवरून उतरून हळूच विचारायचा, "कोन?" मालक बोलायचे नाहीत. गळ्याकडे बोट दाखवायचे आणि शेजारच्या पाटीवर नाव लिहायचे. एका डिसेंबरात त्यांनी निव्वळ थंडी वाजते म्हणून मफलर घातला, तर दुपारपर्यंत तीन घरची माणसं चौकशीला येऊन गेली आणि एका बाईने एसटीडी बूथवरून माहेरी फोनही लावला.

मालक श्रद्धांजलीची भाषणं करायचे. आमच्या भागात माणूस गेला की चितेला अग्नी दिल्यावर तिथेच भाषणं होतात. पुढारी बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, शाळेचे कुणी असले तर तेही बोलतात. या सगळ्यांच्या शेवटी मालक उभे राहायचे. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांना माणसांपेक्षा गोठे जास्त पाठ होते. "तात्यांच्या दावनीला कपिला गाय हुती. तिचं वासरू आडलं तवा तात्या तीन रात्री गोठ्यात बसले हुते," असं ते सांगायचे आणि पुढाऱ्यांच्या भाषणात घड्याळ बघणारी माणसं उपरण्याने डोळे पुसायची. भाषण जेमतेम चार मिनिटांचं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार त्याआधीच्या तयारीबद्दल आहे. ती चार मिनिटांत आटपायची नाही, आणि मी त्यांचा भाडेकरू होतो.

हायस्कूलला विज्ञानाचा शिक्षक म्हणून बदली होऊन मी आणि बायको त्या घरात राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच पहाटे मागच्या अंगणातून आवाज आला. आधी खोल घुमल्यासारखा, मग कण्हल्यासारखा, मग वर चढत गेलेला. मागे एक आड होता. त्याचं पाणी आमच्या आधीच कुठल्यातरी दुष्काळात आटलं होतं. बायको म्हणाली, "अहो, कुणीतरी पडलंय आडात!" मी खाटेची नवार ओढून काढली आणि बनियनवर धावलो. बघतो तर मालक आडाच्या कठड्यावर पोट टेकून, डोकं आत घालून "हंऽऽऽ" करताहेत. मी ओरडलो, "मालक, धरा, धरा!" त्यांनी वर न बघता एक हात उंच केला. थांबा, असा. मी नवार हातात घेऊन थांबलो. आणखी पाच मिनिटं तो "हं" चालला. मग डोकं बाहेर आलं, पाटी पुढे आली. पाटीवर लिहिलं होतं, "कोरड्या आडात आवाज परत येतो. आपला आपल्याला कळतो." ती नवार पुन्हा विणायला मला दोन दिवस लागले.

पुढे सगळा क्रम पाठ झाला. निरोप आला की बोलणं बंद. ताक, पेरू, चिंच बंद. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, त्याही आमच्या खिडकीखाली. दाढेखाली ज्येष्ठमधाची काडी. मग आड. आणि या बंदीच्या काळात घरात काहीही होवो, मालक बोलायचे नाहीत. एकदा आमच्या खोलीचा फ्यूज उडाला. मी सांगायला गेलो तर गळ्याकडे बोट. मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका, नुसता फ्यूज बघा." पुन्हा गळ्याकडे बोट. फ्यूजचा आणि घशाचा संबंध काय ते मला विज्ञानाचा शिक्षक असूनही समजलं नाही. मालकीणबाई आतून म्हणाल्या, "मास्तर, ऱ्हाऊ द्या. दुसऱ्याच्या मरनाला ह्यांचा घसा तयार. मी हाक मारली तर हूं न्हाई की चूं न्हाई."

सगळ्यात वाईट भाग शेवटचा. आडात डोकं घालून ते गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव घ्यायचे. नाव, बापाचं नाव, आडनाव. आधी खालच्या पट्टीत, मग थोडं वर, मग आणखी वर. वीस-पंचवीस वेळा. मी एकदा वैतागून विचारलं, हे कशासाठी? त्या दिवशी बोलायची मुभा होती, म्हणून उत्तर मिळालं.

"मास्तर, मानसाचं नाव आविष्यभर फाटकंच निघतंय. घरची येक हाक मारत्यात, गावची येक. सरकारी कागदावर तिसरंच काय तरी आसतंय. शेवटच्या बारीला तरी त्ये आख्खं निघाया पायजे. मधीच आवाज चिरकला तर त्या मानसाचा आपमान हाय. घसा तापल्याशिवाय नाव घ्यायचं न्हाई."

ऐकायला बरं वाटलं. पण त्यांची घाई अशी, की कधीकधी माणूस जायच्या आधीच घसा तापायला लागायचा. पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने अन्न सोडलं होतं. नातेवाईक जमले, कुणीतरी मालकांना म्हणालं, "आता काय, तासाभराचं काम." पहाटे आडातून त्या म्हाताऱ्याचं नाव घुमायला लागलं. वाऱ्याची दिशा नेमकी तीच. म्हाताऱ्याने डोळे उघडले, स्वतःचं नाव दोन-तीनदा ऐकून घेतलं, उठून बसला आणि चहा मागितला. आठवड्याने काठी टेकत आमच्या दारात आला आणि मालकांना अर्धा तास शिव्या दिल्या. मालकांनी मान खाली घालून सगळ्या ऐकून घेतल्या. तो गेल्यावर मला म्हणाले, "बघितलं का? घसा कसला खनखनीत झालाय त्याचा." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्याच वर्षी माझे वडील आमच्याकडे राहायला आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मूळचे राहात्याकडचे, नोकरी नगरच्या कोर्टात शिपायाची. त्यांचं काम पुकाऱ्याचं. खटला निघाला की व्हरांड्यात येऊन पक्षकाराचं पूर्ण नाव पुकारायचं, "हाजीर हाय काऽऽ?" असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही तर आत जाऊन साहेबांना सांगायचं, "गैरहजर." तीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. घसा तापवणं वगैरे भानगड त्यांच्या गावीही नव्हती.

मालकांचा आड बघून आबा पोट धरून हसले. "आहो, आमी तोंडातली इडी फेकायची नि पुकारा द्यायचा. वकील झोपेतनं उठायचे." मालकांना ते लागलं. म्हणाले, "करून दाखवा." आबांनी ओट्यावर उभं राहून, नुकत्याच खाल्लेल्या चिंचेसकट, मालकांचंच पूर्ण नाव पुकारलं. समोरच्या लिंबावरची कावळ्यांची सगळी वस्ती उठली. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. मालक जागच्या जागी उभे राहिले आणि नकळत म्हणाले, "हाजीर हाय." मग दिवसभर आमच्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी कुणी गेलेलंही नव्हतं.

आबांना येऊन वर्ष व्हायच्या आत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. हातपाय महिन्या-दोन महिन्यांत थोडे हलायला लागले, काठीने चार पावलं जमू लागली, पण तोंडातून शब्द येईना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलायला लावा, आता नाही आलं तर मग अवघड आहे. मी रोज शाळेतून आलो की त्यांच्यापुढे बसायचो. पाटीवर कमळ काढायचो, घर काढायचो आणि म्हणायचो, "आबा, म्हणा, कऽमळ." आबा माझ्याकडे बघायचे आणि तोंड भिंतीकडे करायचे. ज्या माणसाच्या आवाजाने वकील उठायचे त्याच्यापुढे मी पहिलीचं पुस्तक धरत होतो. मला त्यांची लाज वाटत नव्हती, माझीच वाटत होती. रात्री बायकोजवळ मी रडलोही आहे. आबांचा आवाज परत ऐकायला मिळावा, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं.

आणि या सगळ्यात मागच्या अंगणातून पहाटेचा "हंऽऽऽ". तो सुरू झाला की आबा बेचैन व्हायचे. डाव्या हाताने खाटेचा माचवा बडवायचे, घशातून घरघर काढायचे. बायकोने स्पष्ट सांगितलं, "त्या आवाजाला गल्लीतले धडधाकट लोक घाबरतात. आजारी माणसाच्या उशाशी हे नको." मी मालकांना हात जोडून विनंती केली, काही दिवस तयारी दुसरीकडे करा. त्यांनी पाटीवर लिहिलं, "आबा काय करतात? सांगा." मी सांगितलं, माचवा बडवतात, घरघर करतात. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "घरघर वरच्या पट्टीत की खालच्या?" मी तिथून निघून आलो. दुसऱ्या दिवसापासून दुसरी खोली शोधायला लागलो.

खोली मिळायच्या आतच एका पहाटे बायकोची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. आबा खाटेवर उशीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या गळ्यात मालकांचा तपकिरी मफलर. दोन वेढे. शेजारी स्टुलावर मालक, हातात कोमट पाण्याची किटली. मी आयुष्यात मोठ्या माणसाला कधी अरे-तुरे केलेलं नाही, पण त्या दिवशी केलं. मफलर ओढून काढला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. मालक शांतपणे उठले, बाहेर गेले, मफलर झटकून परत घेऊन आले आणि पुन्हा आबांच्या गळ्यात घातला. म्हणाले, "मास्तर, मेलेल्यासाठी मी माझा घसा झाकतो. त्यांचा न्हाई. हा जित्या मानसाचा मफलर हाय."

मी आबांकडे बघितलं. आबा मफलर काढायला तयार नव्हते. डाव्या हाताने तो घट्ट धरून बसले होते. मग मी काय करणार?

त्या दिवसापासून मालक रोज सहाला यायचे. आधी किटलीतल्या पाण्याचे घोट, मग दोघांचं "हं". मालकांचं घुमायचं, आबांची नुसती घरघर. मग मालक पुकारा करायचे. आणि तो पुकारा इतका भिकार करायचे की सांगायची सोय नाही. बारीक आवाज, नावं उलटीसुलटी, "हाजीर हाय का" हे भाजीवाल्यासारखं. आडात डोकं घालून ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा, तेच हे. आबांचा चेहरा लाल व्हायचा. मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत दात-ओठ खायचो. असं पंधरा-वीस दिवस चाललं. एका सकाळी मालकांनी एक नाव मधेच तोडलं, खाकरले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"गप!" असा आवाज आला.

माझ्या हातातला लाल पेन खाली पडला. मी दारात गेलो तोवर आबांनी दुसऱ्यांदा म्हटलं, "गप... बस!" चार महिन्यांनी माझ्या वडिलांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. मालक ताबडतोब गप्प बसले. उठून माझ्याजवळ आले, त्यांचे डोळे भरले होते. कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, घसा तापला."

ते मुद्दाम भिकार पुकारा करत होते, की त्यांना खरोखरच तो जमत नव्हता, हे मी त्यांना नंतर पुष्कळदा विचारलं. दर वेळी गळ्याकडे बोट दाखवलं त्यांनी.

त्यानंतर रोज कोर्ट भरायला लागलं. आबांना साधं बोलणं तुटक तुटक यायचं, पाणी मागताना चहा मागायचे, पण नावं मात्र पुकाऱ्याच्या चालीवर घेतली की अख्खी यायची. तीस वर्षांची सवय होती ती. मालक दाराबाहेर पक्षकार होऊन उभे राहायचे आणि आबा खाटेवरून त्यांचं पूर्ण नाव पुकारायचे. एकदा, दोनदा, तीनदा. मालक पहिल्या पुकाऱ्याला कधीच आत यायचे नाहीत. आबांना तिन्ही करू द्यायचे. एकच शब्द आबांना जमायचा नाही, "गैरहजर." "गैर" आला की गाडी अडायची. "गैर... गैर..." करत चेहरा पिळवटायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मालकांना हे माहीत होतं. म्हणून तिसरा पुकारा संपला, आबांनी "गै" म्हटलं, की ते घाईघाईने उंबरा ओलांडून आत यायचे आणि छातीला हात लावून म्हणायचे, "हाजीर हाय, सायेब!" आबा खूश. तो शब्द म्हणायची वेळच यायची नाही. खोली शोधायचं मी सोडून दिलं. बायको मात्र म्हणायची, "दोघांनी मिळून सकाळी सहाला गल्ली उठवलीय, आता आपल्यालाच खोली सोडायला सांगतील लोक." शाळेतही मुलं मधल्या सुट्टीत "हाजीर हाय काऽऽ" करायला लागली होती. मी कुणाकुणाला गप्प करणार होतो?

मालक गेले ते थंडीत, संध्याकाळी, जेवताना. ताटात ताक होतं. मालकीणबाई त्यांना "आता सहा म्हैने झाले, कुनी गेलं न्हाई, प्या निवांत," असं म्हणाल्या होत्या. दोन घोट घेतले आणि भिंतीला टेकले, ते टेकलेच. अंत्यविधी सकाळी करायचा ठरला.

मी निरोप द्यायला आबांकडे गेलो, तर त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "आबा, थोडं खाऊन घ्या." पुन्हा बोट. माझं डोकंच फिरलं. एक गेला तर दुसऱ्याने सुरू केलं! पहाटे खाटेवर आबा दिसले नाहीत. मागे गेलो तर काठी कठड्याला टेकवून आडावर वाकलेले, गळ्याला तो तपकिरी मफलर, आणि खालून "हंऽऽऽ" परत येत होता. मी म्हटलं, "आबा, थंडी आहे, पडाल!" त्यांनी वर न बघता डावा हात उंच केला. थांब, असा. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून थांबलो.

स्मशानात गर्दी फार होती. ज्यांच्या घरच्यांसाठी ते बोलले होते ती सगळी घरं आली होती. अग्नी दिल्यावर भाषणं झाली. एका पुढाऱ्याने त्यांचं नाव अर्धवट घेतलं, दुसऱ्याने वडिलांचं नाव चुकवलं, तिसऱ्याचा आवाज आडनावावर चिरकला. मी मनात म्हटलं, आता मालक उठून सगळ्यांना गुळण्या करायला लावतील. मग आबा काठी टेकत पुढे गेले. कुणीतरी माईक पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

त्यांनी मालकांचं नाव पुकारलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कुठेही न चिरकता, पोटातून, जसं कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारत असतील तसं. ते नाव मी इथे लिहीत नाही; माझा घसा तापलेला नाही. "हाजीर हाय काऽऽ?" नदीपलीकडच्या शेतात बैल थांबवून एक माणूस बघायला लागला. आबा थांबले. दुसऱ्यांदा पुकारलं. थांबले. तिसऱ्यांदा पुकारलं. आणि मग नुसते उभे राहिले. रोज सकाळी तिसऱ्या पुकाऱ्यानंतर उंबऱ्यावर पाऊल वाजायचं, त्या सवयीने त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मी बघितलं. गर्दी नुसती उभी होती.

आत जाऊन सांगायला तिथे साहेब नव्हते. आबा माझ्याकडे वळले. "गैर" आला आणि अडला. मी दोन पावलं पुढे झालो, पण त्यांनी मला डाव्या हाताने थांबवलं. मफलर जरा सैल केला, श्वास घेतला, आणि सावकाश, एकेक अक्षर नीट लावत, आजारानंतर पहिल्यांदाच तो शब्द अख्खा म्हटला.

"गैरहजर."